अंगात मोटर चालू आहे, पण हात स्थिर आहेत

सर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. वय ४१, यावल तालुक्यात शिक्षक. चार महिन्यांपासून रात्री डोळा लागता लागता, आणि पहाटे साडेतीन-चारला जाग आली की छातीत, पोटात, पाठीच्या कण्यात बारीक कंप जाणवतो, खिशातला मोबाईल सायलेंटवर वाजावा तसा. हात पुढे धरले तर स्थिर. मिसेसनी पाठीवर हात ठेवून पाहिला, त्यांना काही लागत नाही. ईसीजी, थायरॉइड, मेंदूचा एमआरआय, तिन्ही नॉर्मल. ॲसिडिटीची एक गोळी रोज चालू आहे. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, "कारण काय, कुणी नक्की सांगेल का?"

नक्की असं इथे बसून कुणी सांगू शकणार नाही, मीही नाही. तुम्हाला तपासलेलं नाही, नाडी पाहिलेली नाही, तुमची शुगर, बीपी, घोरणं, तंबाखू यातलं काही तुम्ही लिहिलेलं नाही. पण भुसावळला २६ वर्षं जनरल प्रॅक्टिस करताना ही तक्रार इतक्या वेळा समोर आली आहे, की शोध कुठून सुरू करायचा याचा एक क्रम बसला आहे. तो सांगतो. त्यात तुमचं कारण सापडेल किंवा निदान चार कारणं बाद होतील.

या तक्रारीला वैद्यकाच्या पुस्तकात स्वतंत्र धडा नाही, त्यामुळे पेशंट आपापल्या धंद्यातला शब्द वापरतात. रेल्वेतला लोको पायलट म्हणतो, इंजिन नुसतं चालू ठेवून उभं केलंय तसं वाटतं. रावेरचा केळीवाला म्हणतो, बोअरची मोटर. अमळनेरकडची एक म्हातारी माय म्हणाली होती, "आंगमा मोटर चालू शे." या सगळ्यांच्या हातात एक जाड फाईल असते, फाईलमध्ये सगळं नॉर्मल असतं, आणि घरात कुणीतरी "तुझ्या मनाचे खेळ आहेत" असं म्हणून झालेलं असतं. माझ्या अनुभवात यातली खोटं बोलणारी माणसं जवळपास नाहीत. रिपोर्टही खरा असतो आणि कंपही खरा असतो.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. हे काहीतरी भयंकर तर नाही ना, हा एक. हे येतं कुठून, हा दुसरा. एमआरआय तुम्ही पहिल्यासाठी केला आणि उत्तर दुसऱ्याचं मागताय. एमआरआय ते देऊ शकत नाही. दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं बहुतेक वेळा घड्याळात, चहाच्या कपात आणि गोळ्यांच्या पट्टीवर सापडतात.

एक गोष्ट पक्की धरून चाला. कंप प्रत्येक माणसात असतो. निरोगी माणसाचे स्नायूही सेकंदाला साधारण आठ ते बारा वेळा बारीक थरथरत असतात, डोळ्यांना दिसणार नाही इतके. त्यात हृदयाचा प्रत्येक ठोका रक्त पुढे ढकलताना धडाला एक सूक्ष्म धक्का देतो. पूर्वी हे धक्के मोजायचं एक यंत्रही होतं, पेशंटला हलत्या टेबलावर झोपवून आलेख काढायचं. म्हणजे मोटर सगळ्यांचीच चालू असते. मी पेशंटकडे बघताना "मोटर कुठून आली" असं विचारत नाही. तिचा जोर कशाने वाढला, किंवा ती ऐकू येण्याइतकी शांतता आत्ताच का झाली, हे विचारतो. भुसावळकरांना हे पटकन कळतं. दिवसा गाडीचा हॉर्न आमच्या घरी ऐकू येत नाही, रात्री दोनला तोच हॉर्न उशाशी वाजल्यासारखा वाटतो. गाड्या दिवसाही तेवढ्याच असतात.

सगळ्यात आधी मी एक प्रश्न विचारतो, तो ऐकून पेशंट हसतात. दुसरीकडे कुठे झोपला होतात का, आणि तिथे झालं का? काही वर्षांपूर्वी मे महिन्यात एक गृहस्थ आले. आमच्याकडे मे म्हणजे ४५ अंशांच्या पुढचा मामला, कूलरशिवाय झोप नाही. दोन महिन्यांपासून आडवं झालं की अंगात कंप. दोन स्पेशालिस्ट झाले होते. सासरी गेले तेव्हा तीन रात्री काहीच नव्हतं, हे त्यांनी जाता जाता सांगितलं. मी म्हटलं, घरी जा, स्टीलच्या वाटीत काठोकाठ पाणी भरा, पलंगावर उशाशी ठेवा, दिवे बंद करा आणि बाजूने टॉर्च मारा. दुसऱ्या दिवशी फोन आला. पाण्यावर बारीक वलयं सारखी उठत होती. लोखंडी पलंगाची कड कूलरच्या स्टँडला टेकली होती आणि पंख्याचं पातं असमतोल होतं. पलंग चार बोटं सरकवला, आजार बरा. तुमच्या मिसेसना काही लागत नाही म्हणता, म्हणून तुमचं हे असेल असं मला वाटत नाही. पण वाटीला आणि टॉर्चला पैसे पडत नाहीत, एक रात्र करून बघा. पाण्याची मोटर, इन्व्हर्टर, वरच्या मजल्यावरचा कूलर, काहीही असू शकतं.

वाटी शांत राहिली, की नाडी. कंप जाणवतो त्याच वेळी दुसऱ्या हाताची बोटं मनगटावर ठेवा. कंप ठोक्यांच्या तालात आहे की त्याहून कितीतरी वेगवान? तालात असेल तर तुम्हाला स्वतःचं हृदय जाणवतंय. डाव्या कुशीवर झोपलं, की हे जास्त होतं. मग प्रश्न उरतो नाडी किती आहे. झोपल्या झोपल्या मिनिटाला शंभरच्या वर, किंवा मध्येच ठोका चुकून धाडकन एक मोठा ठोका, असं असेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि होल्टर, म्हणजे अंगावर लावून २४ तास चालणारा ईसीजी, यांचा विचार करावा लागतो. तुमचा ईसीजी नॉर्मल आहे, पण तो दिवसाच्या काही सेकंदांचा आहे. पहाटे चारचा ईसीजी कुणी काढलेला नसतो. तालात नसेल, नुसतं एकसारखं घुंघुं असेल, तर पुढे जाऊ.

आता तुमच्या गोळीकडे येतो, कारण तुमच्या पूर्ण प्रश्नात माझी नजर तिथेच अडकली. "ॲसिडिटीची गोळी" हे नाव नाही. पट्टी उलटी करा आणि मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. पँटोप्राझोल किंवा राबेप्राझोल हे एक नाव असेल. त्याच्या पुढे अधिकचं चिन्ह आणि दुसरं नाव आहे का? ते दुसरं नाव लिव्होसल्पिराइड असेल, तर माझा पहिला संशय तिच्यावर. हे औषध जठर पुढे सरकवतं, पोट फुगणं कमी करतं, म्हणून सर्रास लिहिलं जातं. पण ते मेंदूतल्या डोपामिनचे, म्हणजे हालचाली सांभाळणाऱ्या रसायनाचे, दरवाजेही अडवतं. त्यामुळे काहींना आतून अस्वस्थ वाटतं, एका जागी बसवत नाही, अंगात थरथर जाणवते. म्हाताऱ्या माणसांत तर हात कापणं, चाल मंदावणं, चेहरा भावशून्य होणं, असा हुबेहूब पार्किन्सनसारखा देखावा तयार होतो. वर्षभर पार्किन्सनच्या गोळ्या खाणारा आणि खरा दोष या "गॅसच्या गोळीचा" असलेला पेशंट मी एकदा नाही, अनेकदा पाहिला आहे. चक्करेसाठी देतात त्या सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन, उलटीसाठीची मेटोक्लोप्रामाइड आणि प्रोक्लोरपेराझिन, यांचंही असंच. चांगली बाजू ही, की औषध थांबवलं की बहुतेकांचं काही आठवड्यांत ते महिन्यांत उतरतं. मात्र ते थांबवायचं ज्याने लिहिलं त्याला सांगून.

समजा दुसरं नाव नाही, नुसतं पँटोप्राझोल आहे. तरी गोळी पूर्ण निर्दोष सुटत नाही. ही औषधं अनेक महिने-वर्षं रोज घेतली, तर काही लोकांत रक्तातलं मॅग्नेशियम घसरतं, आणि बी-१२ शोषून घेणं कमी होतं. मॅग्नेशियम घसरलं की पोटरीत गोळे, पापणी फडफडणं, थरथर. म्हणून माझं सांगणं सरळ आहे. एका कागदावर दोन तारखा शेजारी शेजारी लिहा. गोळी कधी सुरू झाली, कंप कधी सुरू झाला. गोळी पाच वर्षांपासून आणि कंप चार महिन्यांपासून असेल तर संशय वेगळा. गोळी पाच महिन्यांपासून असेल तर फारच वेगळा. अचानक बंदही करू नका, आम्ल उसळून येतं आणि माणूस दुप्पट जोमाने गोळीकडे परततो. शिवाय ॲसिडिटी मुळात का, हे बघावं लागेल. रात्री साडेदहाला शेवभाजी आणि अकराला आडवं, हे आपल्याकडे घरोघरी चालतं. त्यावर कुठलीही गोळी पुरी पडत नाही.

गोळ्यांचा विषय निघालाच आहे तर बाकीच्याही आठवून बघा. पेशंट "दुसरं काही चालू नाही" म्हणतो तेव्हा त्याच्या मनात फक्त रोजच्या गोळ्या असतात. दम्याचा पंप, थिओफिलिनची गोळी, सर्दीची गोळी, वजन कमी करायची कुणी दिलेली पावडर, हे त्याच्या हिशेबात धरलेलं नसतं. मनाच्या औषधांपैकी एस्सिटालोप्रामसारखी गोळी सुरुवातीच्या दोन आठवड्यांत आतून थरथर वाढवते, आणि दोन दिवस चुकली की डोक्यात करंट बसल्यासारखं होतं. आणि झोपेसाठी म्हणून वर्षानुवर्षं घेतलेली अल्प्राझोलामची अर्धी गोळी. तिचा असर कमी वेळ टिकतो. रात्री दहाला घेतली तर पहाटे ती उतरायला लागते आणि शरीर तिला मागायला लागतं. पहाटे साडेतीनचा कंप ऐकला की मी हे नाव मुद्दाम विचारतो. ही गोळी कधीही एकदम तोडायची नसते, आकडी येऊ शकते. हळूहळू, महिन्यांच्या हिशेबाने उतरवायची.

हीच चाल तंबाखूची आणि दारूची. झोपताना लावलेली मशेरी किंवा दाढेत धरलेली तंबाखू निकोटिन देते, दोन-तीन तासांत ती पातळी निम्म्याहून खाली येते. संध्याकाळची दारू झोप आणते खरी, पण रक्तातून उतरताना रात्रीच्या उत्तरार्धात नेमकं उलट करते, जाग, घाम, धडधड, थरथर. शिक्षकांना हे विचारताना मला संकोच वाटत नाही, तुम्हालाही सांगताना वाटू नये.

चहा. शाळेत किती कप होतात ते स्टाफरूममधल्या मोठ्या थर्मासला विचारा. पोटात गेलेलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. साडेपाचचा कप रात्री साडेदहाला अर्धा शिल्लक असतो. "मला चहाने काही होत नाही, पिऊनही झोप लागते" असं सगळेच म्हणतात. झोप लागते, पण उथळ लागते, आणि उथळ झोपेतच हे कंप जाणवतात.

आता वेळेकडे. झोप लागताना आणि पहाटे जागं होताना, या दोन वेगळ्या वेळा आहेत आणि त्यांची कारणंही वेगळी असू शकतात. तुम्ही त्या एकत्र लिहिल्यात, मी सुट्या करतो.

झोप लागताना मेंदू पायरी पायरीने बंद होतो, आणि कधीकधी पायऱ्या मागेपुढे होतात. कड्यावरून पाय घसरल्यासारखा एकदम झटका बसतो, तो बहुतेकांना आयुष्यात कधीतरी बसलेला असतो. त्याचाच भाऊबंद म्हणजे विजेची लहर फिरल्यासारखं, गुणगुण आवाज, कंप. दमलेल्या, झोप अपुरी झालेल्या, चहा जास्त झालेल्या माणसात हे जास्त. आमच्याकडे रेल्वेच्या रनिंग स्टाफमध्ये आणि दीपनगरच्या वीज केंद्रातल्या शिफ्टवाल्यांत हे भरपूर दिसतं. ज्यांना मळ्यात रात्रीच्या लाईटवर पाणी भरायला उठावं लागतं त्यांच्यातही. पुष्कळ शिक्षकांची शेती असते. तुमची असेल आणि आठवड्यातल्या तीन रात्री मोटर सुरू करायला उठत असाल, तर अंगातल्या मोटरचं अर्धं कारण त्या मोटरीत आहे.

पहाटेचं गणित निराळं. रात्रीच्या उत्तरार्धात कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराला जागं करणारं संप्रेरक, चढायला लागतं, झोप हलकी होते, स्वप्नांची झोप वाढते. स्वप्नांच्या झोपेत मेंदू हातपाय मुद्दाम निर्जीव करून ठेवतो. त्यातून अर्धवट जाग आली की काही सेकंद अंगात कंप, कानात घुंघुं आणि हात हलत नाहीत. छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटतं ते हेच, गावाकडे लोक त्याला बाहेरचं समजतात. घाबरवणारं असतं, धोक्याचं नसतं. पहाटेच्या कंपाबरोबर तोंड कोरडं, डोकं जड, आणि मिसेस म्हणत असतील की तुम्ही घोरता आणि मध्येच श्वास थांबतो, तर मात्र झोपेतली श्वासबाधा तपासली पाहिजे. दर वेळी श्वास अडला की शरीर ॲड्रेनलिन सोडून तुम्हाला उठवतं, आणि उठल्यावर उरते ती त्या ॲड्रेनलिनची थरथर.

मधुमेह आहे का, ते तुम्ही लिहिलं नाही. असेल आणि ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर हा परिच्छेद सगळ्यात आधी वाचा. रेल्वेतून रिटायर झालेले एक आबा होते. एकादशीला रात्री नुसती भगर, तीही दोन घास, पण गोळी मात्र नेमाने घेतली. पहाटे तीनला थरथर, बनियन पिळून काढावं इतका घाम, बोलण्यात असंबद्धता. घरच्यांनी दृष्ट काढली. नशीब, की सून नर्सिंगचं शिकत होती. तिने ग्लुकोमीटर लावला, ५२. साखरपाणी पाजलं आणि पंधरा मिनिटांत आबा नीट बोलायला लागले. ७० च्या खाली गेली की साखर कमी समजायची. बीपीसाठी किंवा धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल चालू असेल तर थरथर दबते आणि फक्त घाम उरतो, हेही घरात कुणाला तरी माहीत असावं. मधुमेह नसेल, अशी गोळी नसेल, तर रात्रीत साखर इतकी घसरणं दुर्मिळ आहे. त्या वाटेने फार जाऊ नका.

माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये एक १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क आहे, वाजवायचा लोखंडी चिमटा. तळहाताच्या कडेवर आपटला की घुंऽऽ करत थरथरतो. त्याचा दांडा मी पेशंटच्या पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवतो, डोळे मिटायला लावतो आणि म्हणतो, थरथर थांबली की सांगा. फैजपूरकडच्या एक काकू, वय साठीच्या आसपास, माळकरी, अंडंही वर्ज्य, आठ वर्षं मधुमेहाच्या मेटफॉर्मिन गोळीवर. तक्रार तुमचीच, रात्री अंगात गिरणी. चिमटा टेकवला आणि दोन सेकंदांत त्या म्हणाल्या, "थांबली." माझ्या बोटांत तो अजून सणसणीत वाजत होता. जिथे कंप नव्हता तिथे त्यांना जाणवत होता, आणि जिथे खरा होता तिथे कळत नव्हता. मज्जातंतूच्या वायरिंगचं वरचं आवरण बी-१२ अभावी झिजलं, की खोटे सिग्नल उठतात आणि खरे पोचत नाहीत. त्यांचं बी-१२ होतं १२६, २०० च्या खाली कमी समजतात. इंजेक्शनं झाली, तीन महिन्यांत पायाच्या मुंग्या गेल्या, गिरणी बरीच मंदावली. पूर्ण थांबली नाही, खोटं का सांगू. खानदेशात शाकाहारी घरं भरपूर, त्यात मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीच्या गोळ्या. म्हणून ही तपासणी मी एमआरआयच्या कितीतरी आधी करतो. तुमच्या फाईलमध्ये ती दिसली नाही.

तिच्याबरोबरच फेरिटिन करून घ्या, म्हणजे लोहाचा साठा. संध्याकाळी आडवं झालं की पायात काहीतरी सरपटतंय, हलवावेसे वाटतात, हलवले की बरं वाटतं, असं असेल तर त्याला अस्वस्थ पायांचा विकार म्हणतात. हिमोग्लोबिन ठीक असतानाही लोहाचा साठा कमी असू शकतो. या विकारात फेरिटिन ७५ पर्यंत असलं तरी लोह देऊन बघतात, जरी लॅबच्या कागदावर ते नॉर्मल छापलेलं असलं तरी. शिवाय कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, किडनीसाठी क्रिएटिनिन, तीन महिन्यांच्या साखरेसाठी एचबीए१सी, रक्तपेशींसाठी सीबीसी. एवढ्यावर माझी यादी संपते.

फवारणीचा एक मुद्दा. कापूस, केळी किंवा भाजीपाल्यावर तुम्ही स्वतः फवारता का? सेंद्रिय फॉस्फेट गटातली कीटकनाशकं अंगावर उडाली, तर स्नायू फडफडतात, घाम, लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या. पण ते फडफडणं बाहेरून दिसतं, आणि फवारणीच्या तासांशी जोडलेलं असतं. असा संबंध दिसला तर कोलिनेस्टरेजची रक्ततपासणी होते. संबंध नसेल तर सोडून द्या.

आता तुमची भीती. पार्किन्सनच्या पेशंटांना आतला कंप जाणवतो हे खरं आहे, इंटरनेटवर तुम्ही ते वाचलंच असणार. पण इथे एक गैरसमज दोन्ही बाजूंनी असतो. साधा एमआरआय पार्किन्सनमध्ये सहसा नॉर्मलच येतो. म्हणजे तुमचा नॉर्मल एमआरआय पार्किन्सन नसल्याचा दाखला नाही, त्याने इतर गोष्टी वगळल्या. पार्किन्सन ओळखतात तपासून. चालताना एक हात कमी हलतो का, मनगट फिरवताना दातेरी चाकासारखं अडकतं का, अंगठा-तर्जनी पटापट आपटताना बोटं उघडण्याचं अंतर लहान होत जातं का. फळ्यावरचं अक्षर हल्ली ओळीच्या शेवटी बारीक होतं का, हे तर तुमचे विद्यार्थीच सांगतील. वास येणं कमी झालं, झोपेत हातपाय मारता, एकाच बाजूचा हात बसल्या जागी थरथरतो, यातलं काही नसेल तर ४१ व्या वर्षी नुसत्या आतल्या कंपावरून पार्किन्सन म्हणायला मला काही आधार दिसत नाही. न्यूरॉलॉजिस्टकडे ताबडतोब कधी जायचं? एका हातापायात ताकद कमी, बोलणं अडखळणं, लघवीवरचा ताबा सुटणं, झोपेत जीभ चावली जाणं किंवा अंथरूण ओलं होणं. छातीत दुखलं किंवा बेशुद्धी आली तर कुणाला विचारत बसू नका, थेट हॉस्पिटल.

मला स्वतःला हे झालं होतं. २०२१ च्या उन्हाळ्यात, दुसऱ्या लाटेत. माझा स्वतःचा ताप उतरून पंधरा दिवस झाले होते. रात्री आडवा झालो की बरगड्यांच्या आत काहीतरी गुणगुणायचं. मी मनगट धरून घड्याळाकडे बघत बसायचो, नाडी ९६. दुसऱ्या रात्री पुन्हा. आठवडाभरात असं झालं की उशीला डोकं टेकायच्या आधीच मी त्याची वाट बघायला लागलो, आणि ते वेळेवर यायचं. कोव्हिडनंतर अशा कंपाच्या तक्रारी जगभर नोंदल्या गेल्या आहेत, त्यामुळे मी काही एकटा नव्हतो. दुपारनंतरचा चहा सोडला, रात्रीचे फोन मुलाकडे दिले, मनगट धरायचं बंद केलं. दिवाळीपर्यंत ते विरलं. यातलं श्रेय कशाला द्यायचं यावर घरात अजून वाद आहे, मुलगा म्हणतो फोनला. पण वाट बघण्याने ते वाढत होतं, एवढं मी शपथेवर सांगेन. रात्री तीनला मोबाईलवर "शरीरात कंप कारण" शोधणं हेही वाट बघणंच. तुम्ही प्रश्न टाकलात ती वेळ ३ वाजून ४० मिनिटं आहे.

तर आता करायचं काय. दहा दिवस उशाशी वही ठेवा. कंप आला की दिवा न लावता, मोबाईल न उचलता पडून राहा, श्वास सावकाश सोडा, आत घेण्याच्या दुप्पट वेळ लावून. सकाळी उठल्यावर चार गोष्टी लिहा. अंदाजे वेळ, आदल्या दिवशी शेवटचा चहा कधी, रात्रीचं जेवण किती वाजता आणि काय, कुठली गोळी किती वाजता. नाडी दहा दिवसांत फक्त दोनदा मोजा, रोज नको. दुपारी तीननंतर चहा बंद. मधली एक रात्र दुसऱ्या घरी झोपा, भावाकडे, सासरी, कुठेही. वाटीचा प्रयोग एकदा. वरच्या यादीतलं आधी बी-१२, फेरिटिन, मॅग्नेशियम एवढ्यासाठी रक्त द्या. थायरॉइड पुन्हा नको, चार महिन्यांतलाच रिपोर्ट आहे.

आणि वहीच्या पहिल्या पानावर, सगळ्याच्या आधी, ती पट्टीमागची नावं आणि त्या दोन तारखा. वही घेऊन तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा, फाईल मागितली तरच द्या. पट्टी कापून कापून मागचं नाव गेलं असेल, तर मेडिकलवाल्याकडे जुनं बिल मागा, त्यावर गोळीचं पूर्ण नाव आणि पहिल्यांदा नेल्याची तारीख, दोन्ही मिळतील.